अस्वल, मेळघाटातील

अस्वल, मेळघाटातील : (शास्त्रीय नाव मेलर्सस अर्सिनस). गणाने मांसाहारी, आहाराने मुख्यतः वाळवी, मुंग्या, फळे व मध यांवर जगणारा सस्तन प्राणी. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या (उंची सुमारे १,१०० मी.) आसपासच्या दऱ्याखोऱ्यांत आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या (स्थापना १९७४) सागाच्या पानझडी रानात त्याचा वावर आहे. केस काळे, लांब व राठ. छातीवर पांढुरका पट्टा.

वारूळ फोडणे हा त्याचा खरा धंदा. ७-८ सेंमी. लांबीच्या नख्यांनी माती उकरायची, फुंकर मारून धूळ उडवायची, मग ओठांची नळी करून वाळवी ओढून घ्यायची. वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात नसल्याने तिथे आयती फट राहते, आणि नाकपुड्या हवे तेव्हा मिटता येतात. या ओढण्याचा आवाज शंभर मीटरांहून अधिक अंतरावर ऐकू जातो. याच नख्या व दातांतली फट पाहून इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ याने १७९१ मध्ये त्याला दक्षिण अमेरिकेतील स्लॉथ या प्राण्याचा भाऊबंद ठरवले. चूक पुढे सुधारली, पण इंग्रजीतील ‘स्लॉथ बेअर’ (शब्दशः ‘आळशी अस्वल’) हे नाव मात्र तसेच राहिले. ज्याने चवताळलेले अस्वल पाहिले आहे, तो त्याला आळशी म्हणणार नाही.

फळांचा हंगाम आला की वारुळे मागे पडतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, पुढे टेंभुर्णी, बहाव्याच्या शेंगा, पावसाच्या तोंडावर जांभळे, थंडीत बोरे. खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेतून रानभर पसरतात. बाराही महिने काही ना काही मिळत असल्याने हे अस्वल थंड प्रदेशातील जातभाईंसारखे हिवाळाभर झोपत नाही.

उन्हाळ्यात मीलन होते. गर्भ काही काळ वाढ थांबवून राहतो आणि नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास मादी खडकाच्या कपारीत किंवा बिळात एक-दोन, क्वचित तीन पिल्लांना जन्म देते. डोळे उघडायला सुमारे तीन आठवडे लागतात. सुरुवातीचे दिवस ती उपाशीपोटीच पिल्लांजवळ बसून असते. दोन-तीन महिन्यांनी बिऱ्हाड बाहेर पडते ते आईच्या पाठीवर. पाठीवरच्या लांब केसांना धरून पिल्ले अनेक महिने अशी फिरतात. ही सवय अस्वलांच्या इतर जातींत सहसा दिसत नाही. वाघाशी गाठ पडली तर ही मादी झाडाचा आसरा घेण्याऐवजी तोंड द्यायला उभी राहते. अशा वेळी पाठ हीच पिल्लांची सुरक्षित जागा, असे पाठीवर नेण्याच्या सवयीचे कारण दिले जाते. नर संगोपनात भाग घेत नाही. पिल्ले दीड ते अडीच वर्षे आईबरोबर राहतात.

पूर्वी दरवेशी नाकात वेसण घालून अस्वले गावोगाव फिरवीत. दृष्ट लागू नये म्हणून अस्वलाचा केस मुलांच्या गळ्यात बांधला जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे.

माणसाशी गाठ बहुधा मोहाखालीच पडते, कारण पहाटे पडलेली फुले दोघांनाही हवी असतात. अस्वलाची दृष्टी अधू असते आणि अचानक माणूस समोर आला की ते हल्ला करते. मोहाच्या दिवसांत रानात एकट्याने जाऊ नये. जावेच लागले तर बोलत, काठी आपटत जावे.