तळटीप ७ : ‘ढकलले जातो’

७. ‘ढकलले जातो’ : हा शब्द विद्यार्थ्यांनी जपून वाचावा. अंधेरीला लोकल थांबते तेव्हा उभ्या प्रवाशाला पुढे कुणीच ढकलत नाही. घर्षणामुळे पाय गाडीबरोबर मंदावतात. वरचे शरीर मात्र जडत्वामुळे आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. वरची कडी घट्ट धरली की तिचे मागे ओढणारे बल शरीराचाही वेग कमी करते. समजा, ताशी ७२ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला २० मीटर वेगाने येणारी गाडी एकसारखी मंदावत २५ सेकंदांत थांबली. मग ऋण त्वरण ०.८ मीटर/सेकंद², सरासरी वेग सेकंदाला १० मीटर, आणि कापलेले अंतर २५० मीटर; जवळजवळ १२ डब्यांच्या गाडीच्या लांबीएवढे. दारात उभे राहणाऱ्याने हे गणित स्वतः सोडवून पाहावेच. – संपा.