घर दाखवण्याआधी : इंदूरच्या घरांच्या वासाची गोष्ट

यंदा वर्गणीसाठी फिरताना आम्ही अशा एका घरी गेलो, जे विकायला काढले आहे. घर साठ-सत्तर वर्षांचे, लाकडी जिन्याचे. मुले परगावी, जिना चढवत नाही, तेव्हा निर्णय योग्यच. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होते आणि दलालाने बजावले होते, "घरात वास चांगला ठेवा." म्हणून काकूंनी खोल्याखोल्यांतून बाजारचा सुगंधी फवारा मारला होता. भिंतीची ओल, सकाळची फोडणी आणि तो फवारा यांचे असे काही मिश्रण झाले होते की आम्ही चहा घेऊन लवकर उठलो. काकूंना मात्र त्यातले काहीच जाणवत नव्हते. ज्या वासात आपण राहतो, तो थोड्याच वेळात नाकाच्या अंगवळणी पडतो. आपल्या घराचा वास पाहुण्याला येतो, आपल्याला नाही.

तिथून आम्ही मंडळाच्या पूजेचे सामान आणायला सियागंजात गेलो. स्टेशनाजवळच्या या घाऊक किराणा बाजारात डोळे मिटून चालले तरी आपण कुठल्या दुकानापाशी आहोत ते कळते. हळद, धणे, हिंग, लवंग, मग कापूर, ऊद, गुग्गुळ. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांना जो वास होता, त्याचा बराचसा भाग अशाच बाजारांतून आलेला.

तो वास जवळपासचा वाटला तरी त्यातले पुष्कळसे दूरदेशीचे आहे. ऊद सुमात्रा आणि सयामकडच्या झाडांचा चीक, हिंग अफगाणिस्तान-इराणचा, गुग्गुळ कच्छ-राजस्थानचा. कापूर एकेकाळी जपान व फोर्मोसातल्या झाडांपासून निघे. आज पूजेत जळतो तो बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनलेला असतो. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. पुढे १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडव्याहून येणाऱ्या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज दिले. रुळ इंदूरपर्यंत पोचले आणि मुंबई बंदरातला माल इथल्या पेढ्यांवर उतरणे सोपे झाले.

पण एक गोष्ट विसरू नये. जुन्या घरात ऊद सगळ्यात शेवटी जळे. त्याआधी बरेच काही झालेले असे. जमीन शेणाने सारवलेली, भिंतीला चुना दिलेला. चुना नुसता पांढरा रंग नव्हे. त्याच्या क्षारामुळे बुरशी धरत नाही. गव्हात कडुनिंबाचा पाला, कपड्यांच्या ट्रंकेत वेखंड, अंथरुणे उन्हात. माळव्याच्या उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी. एवढे झाले की मग तिन्हीसांजेला निखाऱ्यावर चिमूटभर ऊद.

हा क्रम एकदा सगळ्या इंदूरला नव्याने शिकावा लागला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात प्लेगच्या साथी येत. धान्याच्या कणग्या घरातच, म्हणून उंदीर घरातच, आणि उंदरांवरच्या पिसवांतून रोग माणसांत. तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इथे आले. त्यांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. पण लोकांनी पाहिले ते त्यांचे दुसरेच काम, १९१७ च्या दिवाळीचे. त्यांना एका दिवसापुरता महाराजांचा मान मिळाला आणि त्यांनी जाहीर केले की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून ठेवलेली असतील, त्या रस्त्याने ती जाईल.

म्हणजे सगळे शहरच घर दाखवायला निघाले म्हणा ना! वर्षानुवर्षांची अडगळ घराघरांतून बाहेर पडली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि शेवटी दोघांचे दहन झाले. शहराचे सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, फुलांनी सजून मानाने चालले. एरवी ज्यांची सावलीही लोक टाळत, त्यांना त्या दिवशी शहराने पाहिले. शेवटी लक्ष्मी होती आणि नीटनेटक्या घराची खूण म्हणून तुळशीची रोपे. गेडिसांनी अत्तर शिंपडायला सांगितले नाही. आधी अडगळ काढा म्हणाले, आणि त्यासाठी आपल्याच सणाचा आधार घेतला. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, स्वच्छ शहरांच्या देशव्यापी यादीत इंदूर पहिले आले.

पावती द्यायची राहिली होती, म्हणून दोन दिवसांनी आम्ही पुन्हा काकूंकडे गेलो आणि हे सगळे त्यांना सांगितले. "म्हणजे सासूबाई करायच्या तेच की," त्या म्हणाल्या. मग आम्हीही हात लावला. माळ्यावरची रद्दी गेली, ओल्या भिंतीला टेकलेले कपाट पुढे ओढले, मोरीची जाळी घासली, पावसाने उघडीप दिली तशा सगळ्या खिडक्या उघडल्या. शेवटी सियागंजातला ऊद, तोही थोडाच.

पुढचे गिऱ्हाईक आले ते तरुण जोडपे होते. मुलीने आत येताच लांब श्वास घेतला. काकूंनी किमतीची बोलणी काकांवर सोडली आणि तिला मागच्या अंगणात नेले. "हे तुळशीवृंदावन ठेवाल ना?" एवढेच त्यांनी विचारले.

आपल्यापैकी आणखी काही घरे येत्या वर्षांत हात बदलतील. त्याला इलाज नाही. पण ती देताना झाडून-पुसून, उन्हे आत घेऊन द्यावीत. सियागंजातला ऊद नव्या घरीही नेता येतो, आणि तो कधी जाळायचा हेही आपल्याला ठाऊक आहे.