काचपेटीपलीकडची आई : नवजात अतिदक्षता शुश्रूषेतील परिचारिका आणि कुटुंब यांच्या संबंधांचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

अपुऱ्या दिवसांच्या व आजारी नवजातांच्या रुग्णालयीन शुश्रूषेचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो परिचारिका आणि आई यांच्यातील बदलत्या संबंधांच्या अंगाने तपासला आहे. १८८० च्या दशकातील पॅरिसपासून २०२२ पर्यंतच्या टप्प्यांचा विचार करता असे दिसते की, आईला अतिदक्षता विभागाबाहेर ठेवण्यामागे जंतुसंसर्गाची रास्त भीती होती. परंतु तिला पुन्हा आत घेण्याची सुरुवात अनेक ठिकाणी शास्त्रीय पुराव्याने नव्हे, तर टंचाईने केली. पुरावा मागाहून आला. या क्रमाचे परिणाम आजच्या धोरणावरही दिसतात.

बीजशब्द : नवजात शिशू, अतिदक्षता विभाग, परिचर्या, कांगारू मातृसेवा, कुटुंब सहभाग.

प्रस्तावना

‘बाळाला काचेच्या पेटीत ठेवले आहे’ हे वाक्य महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी कधी ना कधी उच्चारलेले किंवा ऐकलेले असते. या वाक्यात बाळ आहे आणि पेटी आहे. ज्या परिचारिकेच्या हातात त्या बाळाचे दिवसरात्र असतात ती नाही आणि बाळंतीणही नाही. पारंपरिक बाळंतखोलीत माता आणि मूल यांचा विचार एकत्र केला जाई. शेकशेगडी, अंगमालिश, पाचवीची पूजा हे सारे दोघांभोवती गुंफलेले होते. त्या खोलीत मातामृत्यू आणि बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर होत, हे विसरून तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तथापि माता आणि मूल यांना दोन वेगळ्या विभागांतील दोन वेगळे रुग्ण मानणे ही आधुनिक रुग्णालयाची निर्मिती आहे. ही विभागणी कशी घडली आणि ती का सैल होत गेली, याचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

पॅरिस : पेटी, ऊब आणि आई

प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबविण्याचे यंत्र पाहिले आणि त्याच धर्तीचे उपकरण नवजातांसाठी तयार करवून घेतले. १८८०-८१ च्या सुमारास ते पॅरिसच्या मातर्निते प्रसूतिगृहात बसविण्यात आले. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. मात्र ही पेटी आपोआप चालणारी नव्हती. त्यानंतरच्या सुटसुटीत पेटीत गरम पाण्याची भांडी ठेवावी लागत व ती काही तासांनी बदलावी लागत. चोखता न येणाऱ्या मुलाला नळीने दूध देण्याची पद्धतही तार्निए यांनी रूढ केली. ऊब असो वा आहार, दोन्ही गोष्टी अखेर कोणाच्या तरी हातांवर अवलंबून होत्या. १८९३ मध्ये याच प्रसूतिगृहात अशक्त बालकांसाठी स्वतंत्र दालन उघडले, ते मुख्य सुईण मादाम आँरी यांच्या पुढाकाराने. या घटनेत पुढच्या काळातील परिचारिकेच्या नेतृत्वाचे बीज दिसते.

तार्निए यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांनी १८९५ मध्ये या दालनाची सूत्रे हाती घेतली. बाहेरून येणारी बालके थंडीने गारठलेली असत, आणि दालनात संसर्गही पसरत असे. निरोगी व आजारी बालकांना वेगळे करणे, दुधाची स्वच्छता राखणे हे उपाय त्यांनी योजले. परंतु त्यांचे सर्वांत दूरगामी निरीक्षण आयांविषयीचे होते. ज्या आईला मुलापासून दूर ठेवले जाते, तिची मुलातील गुंतवणूक हळूहळू ओसरते, असे त्यांना दिसून आले. म्हणून आईने येऊन स्वतः स्तनपान करावे आणि काचेच्या भिंतींतून तिला मूल दिसावे, यावर त्यांचा भर होता. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे विवेचन आढळते. आईला बाहेर ठेवण्याच्या प्रथेवरील टीका अशा रीतीने त्या प्रथेच्या प्रसाराआधीच लिहिली गेली होती.

जत्रेपासून रुग्णालयाकडे

पेटीचे ज्ञान अटलांटिकपार गेले ते मात्र चमत्कारिक वाटेने. १८९६ च्या बर्लिन प्रदर्शनापासून मार्टिन कूनी यांनी पेट्यांतील सजीव बालकांचे प्रदर्शन मांडण्यास आरंभ केला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे हे प्रदर्शन १९०३ ते १९४३ अशी तब्बल चार दशके चालले. प्रेक्षकांकडून प्रवेशशुल्क घेतले जाई. पालकांकडून मात्र एक पैसाही नाही. या व्यवहाराची नैतिकता वादग्रस्त आहे. परंतु रुग्णालये अशा बालकांसाठी खर्च करण्यास फारशी राजी नसताना तेथील प्रशिक्षित परिचारिकांनी अनेक जीव वाचविले, हेही नाकारता येत नाही. शुश्रूषेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, येथे परिचारिका तज्ज्ञ ठरली आणि आई पाहुणी.

हेच नाते रुग्णालयीन चौकटीत अधिक काटेकोर झाले. १९२२ मध्ये शिकागोच्या सारा मॉरिस रुग्णालयात डॉ. ज्युलियस हेस यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी केंद्र उभारले. १९२४ पासून एव्हलिन लुंडीन या तेथील प्रमुख परिचारिका होत्या. हात धुणे, गाऊन, कमीत कमी हाताळणी, थेंबाथेंबाने दूध आणि अचूक नोंदी अशी कडक शिस्त त्यांनी घालून दिली. १९४१ साली हेस आणि लुंडीन यांचा संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर डॉक्टरसोबत परिचारिकेचे नाव असणे ही या क्षेत्रातील परिचर्येच्या ज्ञानाला मिळालेली मान्यता होती. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या काळात या शिस्तीने बालके जगविली. मात्र त्याच शिस्तीची दुसरी बाजू म्हणजे पालकांसाठी बंद झालेले दार. कित्येक आठवडे काचेतून पाहिलेले मूल एके दिवशी आईच्या हाती सोपविले जाई. त्याला कसे धरावे, कसे पाजावे, याचा सराव तिला नसे.

प्राणवायूचा धडा

१९४० च्या दशकात पेट्यांत मुक्तहस्ते प्राणवायू देण्याची पद्धत रूढ झाली. १९४२ मध्ये अमेरिकेतील डॉ. टेरी यांनी अशा बालकांतील नेत्रविकाराचे वर्णन केले. या विकाराने जगभरात सुमारे दहा हजार बालकांची दृष्टी गेली, असे मानले जाते. वॉशिंग्टन येथे डॉ. आर्नल पॅट्झ यांनी प्राणवायूच्या कमी-अधिक प्रमाणाची तुलना सुरू केली, तेव्हा काही परिचारिका रात्रपाळीत कमी प्राणवायूच्या गटातील बालकांचाही प्राणवायू वाढवीत असत. मुलाचा श्वास कोंडला जाईल, ही त्यांची भीती मायेपोटीच होती. अठरा रुग्णालयांच्या १९५३-५४ मधील संयुक्त अभ्यासाने अतिरिक्त प्राणवायूचा दोष सिद्ध केला. मात्र त्यानंतर प्राणवायूवर सरसकट कठोर मर्यादा आल्या आणि त्याची किंमतही बालकांनी मोजली. माया आणि शिस्त यांपैकी कोणतीही एक पुरेशी नाही. प्रत्येक रूढ पद्धतीला पुराव्याची कसोटी लागते, हा या प्रकरणाचा धडा होय. तोच प्रश्न पुढे बंद दाराविषयी विचारला गेला.

बंद दाराची परीक्षा

१९६० मध्ये अमेरिकेतील येल येथे डॉ. लुई ग्लक यांनी आधुनिक अर्थाने पहिला मानला जाणारा नवजात अतिदक्षता विभाग सुरू केला. काटेकोर हात धुतल्यास संसर्ग रोखता येतो, हे दिसल्यावर प्रत्येक बालकाला संपूर्ण एकांतात ठेवण्याचे समर्थन दुबळे झाले. स्टॅनफर्ड येथील बार्नेट, क्लाउस आदी संशोधकांनी आयांना विभागात येऊन बालकाला स्पर्श करण्याची मुभा दिली. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्यामुळे संसर्ग वाढला नाही. १९८० च्या दशकात हायडेलिझे आल्स यांनी बालकाच्या हालचाली आणि चेहऱ्यावरील खुणा वाचून प्रकाश, आवाज व हाताळणी यांचे नियोजन करण्याची पद्धत विकसित केली. १९८७ मध्ये आनंद आणि सहकाऱ्यांनी नवजातालाही वेदना होतात व त्यांचे दुष्परिणाम होतात, हे ठोसपणे मांडले. त्यामुळे बालकाजवळ सतत थांबून त्याच्या खुणा टिपणारे माणूस उपचाराचाच भाग ठरू लागले.

टंचाईतून आलेले ज्ञान

तथापि खरे वळण संपन्न देशांत आले नाही. कोलंबियाच्या बोगोता शहरातील माता-बाल संस्थेत पेट्या अपुऱ्या होत्या, एका पेटीत एकाहून अधिक बालके ठेवावी लागत आणि संसर्गाने मृत्यू होत. १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी आणि १९७९ पासून डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांच्यासह त्यांनी बालकाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून उभे बांधण्यास सुरुवात केली. यालाच पुढे कांगारू मातृसेवा हे नाव मिळाले. त्याच १९७९ मध्ये इस्टोनियातील ताल्लिन येथे डॉ. आदिक लेविन यांच्यापुढे परिचारिकांच्या तुटवड्याचा प्रश्न होता. त्यांनी आयांनाच चोवीस तास बालकांजवळ ठेवले. परिचारिका आयांना शिकवू लागल्या आणि अवघड उपचार स्वतःकडे ठेवू लागल्या. ताल्लिनच्या याच अनुभवातून कॅनडातील डॉ. शू ली यांनी कुटुंब-एकात्म शुश्रूषेची रचना मांडली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २६ विभागांत तिची चाचणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बालकांची वजनवाढ सुधारली आणि पालकांचा ताण घटला.

भारतीय संदर्भ

भारतात नवजातशास्त्राच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना १९८० मध्ये झाली. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. आईचे दूध हे औषधाइतकेच आवश्यक आहे, ही भूमिका त्यामागे होती. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरपोच नवजातसेवेचा प्रयोग केला. १९९९ च्या अहवालानुसार नवजात मृत्युदर तुलनात्मक गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. गावातील आरोग्यदूत स्त्री, आई आणि आजी यांच्या हातीही शास्त्रशुद्ध शुश्रूषा राहू शकते, हे यातून सिद्ध झाले. २०११ मध्ये घरपोच नवजातसेवा राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

दुसरीकडे, २००३ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे जिल्हा रुग्णालयात विशेष नवजात काळजी कक्ष सुरू झाला आणि पुढे देशभर अशा कक्षांचे जाळे उभे राहिले. त्यांमुळे गरीब कुटुंबांना अतिदक्षतेची सोय मिळाली. पण दार पुन्हा बंद झाले. आई प्रसूती कक्षात, मूल विशेष कक्षात आणि आजी व्हरांड्यात सतरंजी टाकून, असे विभाजन सर्वत्र दिसू लागले. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन आत घेण्याचा प्रयोग झाला. त्यावरील चाचणीत संसर्ग वाढला नाही आणि घरी जाण्यापूर्वीचे निव्वळ स्तनपान वाढले. २०१७ मध्ये केंद्र शासनाने कुटुंब-सहभागी शुश्रूषेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

आजवरचा सर्वांत निर्णायक पुरावा २०२१ चा आहे. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह भारत व आफ्रिकेतील पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलोपर्यंत वजनाच्या बालकांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू सेवा देण्यात आली. त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता विभागात आणावी लागली. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण रूढ पद्धतीत १५.७ टक्के, तर या पद्धतीत १२.० टक्के आढळले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबविण्यात आली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस त्यानुसार बदलली. या पुराव्याच्या ऐन काळात, कोविड साथीत, अनेक रुग्णालयांनी नवजातांना आयांपासून पुन्हा विलग केले, ही बाब बोलकी आहे. भीतीचे पहिले पाऊल आजही दार लावण्याचेच असते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, आईला बाहेर ठेवण्याचा नियम हा प्रतिजैविकपूर्व काळातील एका खऱ्या संकटावरचा उपाय होता. संकटाचे स्वरूप बदलल्यावरही नियम सवयीने टिकला. दुसरी, बोगोता आणि ताल्लिन येथे आईला मिळालेला प्रवेश हा तिचा हक्क मानून दिलेला नव्हता, तर पेट्या किंवा परिचारिका कमी पडल्यामुळे होता. म्हणूनच येथे एक धोका संभवतो. आई आत आली म्हणजे परिचारिकांची पदे कमी चालतील, असा सोयीस्कर अर्थ प्रशासनाकडून लावला जाऊ शकतो. ताल्लिनचा अनुभव त्याविरुद्ध साक्ष देतो. तेथे परिचारिकेचे काम संपले नाही, तर बदलले. एका घाबरलेल्या, टाके ओले असलेल्या बाळंतिणीला अकराशे ग्रॅमचे मूल छातीशी कसे धरावे हे शिकविणे, त्याच वेळी त्याच्या श्वासावर लक्ष ठेवणे आणि मूल दगावल्यास त्या कुटुंबाजवळ उभे राहणे, हे काम पेटीचे तापमान नोंदविण्यापेक्षा अधिक कौशल्याचे व अधिक वेळ घेणारे आहे.

तिसरी बाब धोरणाची. आईला आत यायचे तर तिला खाट, जेवण, स्वच्छतागृह आणि मजुरी बुडाल्यास आधार लागतो; सोबतीला वडील किंवा आजी यांनाही प्रवेश लागतो. ही तरतूद नसेल, तर उघडे दार केवळ कागदावर राहते. तार्निए यांच्या पेटीत गरम पाण्याची भांडी बदलणारे हात अनामिक राहिले. त्या हातांना आणि त्यांच्या शेजारी आईच्या हातांना शुश्रूषेच्या व्यवस्थेत मान्य स्थान देणे, हे या सुमारे एकशे चाळीस वर्षांच्या इतिहासाने पुढे ठेवलेले अपूर्ण काम होय.