अडीच विसांची गाणी

आमची आजी शंभर कधी म्हणाली नाही. पाच विसा म्हणायची. अंडी, आंबे, माणसांची वयं, सगळं विसात. तिच्यामागं घरातून गेलेला हा हिशेब मला पुन्हा भेटला तो थेट डेन्मार्कात, 2019च्या उन्हाळ्यात. लेक ओडेन्सला असते. तिनं मला फ्यून बेटावरच्या एका 'हॉयस्कोले'त दोन आठवडे धाडलं. हॉयस्कोले म्हणजे राहून शिकायची, परीक्षा नसलेली शाळा. चाळीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला याहून मोठं सुख कोणतं!

रोज सकाळी सभागृहात गाणं. प्रत्येकाच्या हातात एक जाडजूड पुस्तक. पियानोवाल्या बाई नंबर सांगायच्या, पानं फडफडायची आणि मी मात्र चाचपडत बसायची. शेजारच्या आजोबांनी कागदावर मांडून दाखवलं. डॅनिशमध्ये साठ म्हणजे तीन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा. पन्नासाशी मात्र ते अडले. 'अर्धा तिसरा वीस' कसं समजवावं? मला हसू फुटलं. अहो, अडीच विसा! मग सत्तर साडेतीन विसा नि नव्वद साडेचार. दुसऱ्या दिवशी पान त्यांच्याआधी मी काढलं.

मी वारकऱ्याच्या घरातली. अभंग पाठ असतो, पुस्तक कशाला? तेव्हा हे बघून गाणं मला जरा उपरंच वाटलं. शिवाय प्रथा फार प्राचीन असेल अशी माझी समजूत. तशी ती नाही. चर्चमधली स्तोत्रं जुनी, पण व्याख्यानाला जमलेल्यांनी मिळून गाण्याची सुरुवात 1838ची धरतात. कोपनहेगनच्या बोर्क्स कॉलेजात ग्रुंटविग हा कवी-पाद्री नुकत्याच सरलेल्या काळाचा इतिहास सांगत होता. आदल्याच वर्षापर्यंत त्याच्या लिखाणावर सेन्सॉर बसलेला होता. त्या दिवशी विषय होता विलेमोस, 1801 साली इंग्रज सेनानी नेल्सनच्या आरमाराशी लढलेला कोवळा अधिकारी. व्याख्यान संपलं आणि ग्रुंटविगनंच विलेमोसवर रचलेलं गाणं श्रोत्यांनी आपणहून सुरू केलं. कुणी ठरवलेलं नव्हतं.

शेतकऱ्यांच्या पोरांसाठी पुस्तकी घोकंपट्टीऐवजी जिवंत बोलण्याची शाळा हवी, हे स्वप्न ग्रुंटविगचं. पहिली शाळा 1844 साली रोडिंगला निघाली. पण माझा जीव जडला तो क्रिस्टेन कोलवर. चांभाराचा मुलगा. मुलांकडून धर्माचं पुस्तक घोकून घ्यायला त्यानं नकार दिला आणि मास्तरकीची वाट बंद झाली. एका मिशनऱ्याबरोबर तुर्कस्तानात स्मिर्नाला गेला. परतताना त्रिएस्तपासून डेन्मार्कापर्यंत सामानाची हातगाडी ओढत पायी आला! 1851 साली फ्यूनवरच र्‍युस्लिंगला त्यानं शाळा काढली. पोरांबरोबर एकाच माळ्यावर झोपायचा आणि गोष्टी सांगायचा. थंडीत शेतं गप्प, म्हणून मुलांची शाळा हिवाळ्यात. मुलींचे वर्ग त्यानं पुढं उन्हाळ्यात सुरू केले.

1864च्या युद्धात प्रशिया-ऑस्ट्रियानं दक्षिणेचा मोठा मुलूख घेतला. त्यात रोडिंगही गेलं. तिथली शाळा सरहद्दीअलीकडे आस्कोवला हलली. त्यानंतर अशा शाळा भराभर वाढल्या आणि 1894 साली त्यांचं गाण्याचं पुस्तक छापलं गेलं. आमच्या हातात होती त्याचीच पुढची आवृत्ती.

चालींचं श्रेय बरंचसं कार्ल निल्सनला. तोही फ्यूनचाच, घरं रंगवणाऱ्या नि लग्नात फिडल वाजवणाऱ्या बापाचा पोर. मोठमोठ्या सिंफनी लिहिणाऱ्या या माणसानं थॉमस लाउबच्या जोडीनं साध्या गळ्याला पेलतील अशी गाणी बांधली. 1915च्या त्या संग्रहाचं नाव काय असावं? 'वीसभर डॅनिश गाणी'. पुन्हा आजीचाच विसा.

1940च्या एप्रिलात जर्मन फौजा घुसल्या. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला देशभर ठिकठिकाणी लोक एकाच वेळी गायला जमले. सुमारे सात लाख माणसं. घोषणा नाहीत, दगड नाहीत, नुसती गाणी.

शेजारचे आजोबा म्हणाले, त्या गर्दीत मीपण होतो, आईच्या कडेवर. आठवत काही नाही, पण ती सांगायची. मी वय विचारलं. डॅनिशमध्येही एकं आधी येतात, आपल्यासारखंच. 'एक आणि चार विसा,' ते म्हणाले. या वेळी कागद लागला नाही.