हॅलोविनचा खाऊ : दारी आलेल्या मुलांना काय द्यावे, काय टाळावे

३१ ऑक्टोबरची सायंकाळ झाली की अमेरिका व कॅनडातील वसाहतींत भुताखेतांची, चेटकिणींची सोंगे घेतलेली मुले घरोघर फिरू लागतात. ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’, असे म्हणत ती दार ठोठावतात आणि घरातील माणसे त्यांच्या पिशवीत चॉकलेट-गोळ्या टाकतात. अंगणातला दिवा लावलेला असला की या घरी खाऊ मिळणार, ही त्यांची खूण. हॅलोविनच्या आसपासच पुष्कळदा दिवाळी येते. त्यामुळे तेथे स्थायिक झालेल्या किंवा मुला-नातवंडांकडे गेलेल्या आपल्या माणसांना लाडवांचा डबाच पुढे करावासा वाटतो. हेतू कितीही चांगला असला तरी तेथे ते करू नये.

विषाची भीती आणि वस्तुस्थिती

अनोळखी माणूस खाऊतून विष किंवा सुई देईल, ही भीती अमेरिकेत जुनी आहे. डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या अशा वार्ता तपासल्या. हॅलोविनच्या फेरीत मिळालेल्या दूषित खाऊने मूल दगावल्याचे वा गंभीर जखमी झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांना आढळले नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा सायनाइड मिसळलेल्या गोड पुडीने मृत्युमुखी पडला. परंतु ते विष विम्याच्या पैशासाठी त्याच्या पित्यानेच दिले होते. खरे धोके वेगळे आहेत : अ‍ॅलर्जी, घशात घास अडकणे आणि अंधारातील वाहने.

अ‍ॅलर्जी

अमेरिकी कायद्यानुसार नऊ घटकांचा उल्लेख वेष्टनावर बंधनकारक आहे : दूध, अंडी, मासे, झिंगे-कुर्ल्यांसारखे कवचधारी जलचर, काजू-बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा, भुईमूग, गहू, सोयाबीन आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. यांतील पाच घटक आपल्या फराळाच्या एकाच ताटात सापडतात. लाडवात तूप व काजू, शंकरपाळ्यांत मैदा, चकलीत तीळ आणि चिवड्यात शेंगदाणे. अ‍ॅलर्जी तीव्र असलेल्या मुलाला यांतील एखाद्या घासानेही श्वास घेणे कठीण होऊ शकते.

म्हणून घटकांची छापील यादी असलेला, कारखान्यात बंद केलेलाच खाऊ द्यावा. छोट्या आकाराच्या चॉकलेटांत नेहमीच्या वडीहून वेगळे घटक असू शकतात आणि सुट्या नगावर यादी नसतेही. तेव्हा मोठे पाकीट फेकू नये, कोणी विचारल्यास दाखवता येते.

लहानग्यांसाठी

चार वर्षांखालील मुलांना कडक गोळ्या, शेंगदाणे व इतर दाणे, पॉपकॉर्न, मार्शमॅलो आणि च्युइंगगम देऊ नये. हे घशात अडकतात. फुगे, सुटे होणारे भाग असलेली खेळणी आणि बटणाएवढी बॅटरी बसवलेल्या वस्तूही टाळाव्यात. बॅटरी गिळली गेल्यास काही तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.

खाऊऐवजी वस्तू

अन्न-अ‍ॅलर्जीविषयी काम करणाऱ्या ‘फेअर’ या संस्थेने २०१४ पासून ‘टील पम्पकिन प्रोजेक्ट’ देशभर चालवला आहे. निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा दाराशी दिसला की या घरी खाण्याखेरीज अन्य भेटही आहे, असे समजावे. पेन्सिली, स्टिकर, छोट्या वह्या अशा भेटी सोयीच्या. त्या खाऊच्या भांड्यात न मिसळता वेगळ्या ठेवाव्यात.

पिशवी घरी आल्यावर

आपलीच मुले फेरीला निघणार असतील तर त्यांना आधी पोटभर जेवू घालावे आणि खाऊ घरी येऊन पाहिल्याशिवाय तोंडात घालू नये, असे बजावावे. फाटलेले, बारीक छिद्र पडलेले किंवा रंग बदललेले काहीही टाकून द्यावे. शाकाहारी घरांनी गमी आणि मार्शमॅलोची यादी वाचावी. त्यांत बहुधा प्राणिजन्य जिलेटिन असते. गांजायुक्त गोळ्याही हुबेहूब मिठाईसारख्या दिसतात. घरात त्या असल्यास कुलूपबंद ठेवाव्यात. चार दशकांच्या आकडेवारीवरून केलेल्या अभ्यासानुसार हॅलोविनच्या सायंकाळी पादचारी मृत्यूचा धोका इतर सायंकाळींच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी अधिक आढळला. त्यामुळे लहान मुलांसोबत मोठे माणूस हवेच.

गोव्यात दिवाळीच्या पहाटे शेजारी फोव खायला बोलावतो, तेव्हा ते कोणाच्या हातचे आहेत हीच आपली खात्री असते. हॅलोविनला दारी येणारे मूल मात्र आपल्याला ओळखत नाही. त्याच्या आईची खात्री वेष्टनावरच्या बारीक अक्षरांवर असते. लाडवांचा डबा उघडावा तो ओळखीच्या शेजाऱ्यांसाठी, त्यांत काय घातले आहे हे सांगून.