ग्रंथाचे नाव आणि सूचीतील नाव

बिदर जिल्ह्यात हुमनाबादच्या बाजूस दुबलगुंडी हे गाव आहे. कोणाच्या घरात मराठी, कोणाच्या घरात कन्नड, आणि जुन्या सरकारी कागदांत फारसी-उर्दू, अशी या सीमाभागाची घडण आहे. या गावच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर चार पाने लिहावयाचे मनात आणले, की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो इतिहासाचा नव्हे, नावाचा. ग्रंथालयाच्या सूचीत त्याने काय पाहावे? बिदर, बीदर, इंग्रजी पुस्तकांतील बेदर, की बहामनी काळातील मुहम्मदाबाद? शेजारचा जिल्हा २०१४ पर्यंत गुलबर्गा होता, त्या साली तो अधिकृतपणे कलबुर्गी झाला. आणि बहामनी नाण्यांवर त्याच शहराचे नाव अहसनाबाद असे आहे. एका नावाखाली शोधून काही न सापडल्यास विद्यार्थी म्हणतो, “यावर काही लिहिलेलेच नाही.” ग्रंथालयातील परिभाषा का समजून घ्यावयाची, याचे उत्तर त्याच्या या वाक्यात आहे. तो दोष ग्रंथकारांना देतो. वस्तुतः अडचण नोंदीची असते.

नोंद नसली म्हणजे काय होते, ते पाहावयास या विद्यार्थ्याला फार लांब जावयाचे कारण नाही. बिदर शहरात ख्वाजा महमूद गवान याचा मदरसा उभा आहे. बहामनी राज्याच्या या वजिराने तो १४७२ मध्ये पुरा केला. तीन मजले, रंगीत फरश्यांचा दर्शनी भाग, विद्यार्थ्यांच्या खोल्या, आणि इतिहासकार सांगतात त्याप्रमाणे तीन हजार हस्तलिखितांचा ग्रंथसंग्रह. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आरोपावरून गवानचा शिरच्छेद झाला. पुढे औरंगजेबाच्या काळात, १६९६ मध्ये, इमारतीत दारूगोळा असताना स्फोट झाला आणि एक मनोरा व बराच भाग कोसळला. आज पाहणारा उरलेल्या मनोऱ्याचे आणि निळ्या फरश्यांचे कौतुक करतो. ते योग्यच आहे. पण त्या तीन हजारांत कोणते ग्रंथ होते? वैद्यकाचे किती, ज्योतिषाचे किती? आपल्या हाती येतो तो एक आकडा. उलट गवानने लिहिलेली पत्रे ‘रियाज-उल-इन्शा’ या नावाने संग्रहित झाली, त्यांच्या नकला निरनिराळ्या ठिकाणी गेल्या, आणि म्हणून ती आजही वाचावयास मिळतात.

येथेच दोन शब्दांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. एका विशिष्ट ग्रंथालयात काय आहे आणि ते कोठे ठेवले आहे हे सांगते ती तालिका. एखाद्या भाषेत, विषयात वा कालखंडात काय काय लिहिले गेले, मग ते कोठेही असो, हे सांगते ती ग्रंथसूची. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी मुद्रित ग्रंथांची नोंद आहे, दुसऱ्यात १९३८ ते १९५० पर्यंतची. एखादे पुस्तक गावच्या वाचनालयाच्या तालिकेत नाही म्हणून ते नाहीच, असे म्हणण्यापूर्वी दात्यांची सूची उघडावयास हवी. एका माणसाच्या चिकाटीने उभे राहिलेले असे काम मराठीत थोडे आहे, आणि ते उघडून पाहणारेही, दुर्दैवाने, थोडेच आहेत.

सूची करणाऱ्याचीही कसोटी लागते. दुबलगुंडीपासून जवळच बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात येथे विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. बंगालचा दायभाग सोडला तर बहुतेक हिंदुस्थानात हिंदूंच्या वारसाहक्काचा आधार शतकानुशतके हीच टीका होती. परंतु ती टीका आहे याज्ञवल्क्यस्मृतीवर. मग तिची नोंद याज्ञवल्क्याच्या नावाखाली करावी की विज्ञानेश्वराच्या? आणि विषय कोणता मानावा, धर्म की कायदा? ड्यूई याच्या दशांश वर्गीकरणात, जे १८७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, कायद्याचा अंक ३४० आणि हिंदुधर्माचा २९४.५. फळीवर ग्रंथाला एकच जागा मिळते. तालिकेत मात्र त्याच्या अनेक नोंदी करता येतात, आणि एका नोंदीवरून दुसरीकडे पाठविणारा ‘पाहा’ हा लहानसा शब्द तेथे फार मोठे काम करतो. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याच्या ग्रंथाला तर दोन नावे आहेत : ‘मानसोल्लास’ आणि ‘अभिलषितार्थचिंतामणि’. मराठी ओवीचा जुना उल्लेख याच ग्रंथात येतो. ‘पाहा’ची नोंद नसेल, तर दुसऱ्या नावाने शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

ग्रंथाच्या पाठीवर चिकटविलेल्या चिठ्ठीवरचे अंक गूढ वाटतात, पण त्यांचा अर्थ साधा आहे. विषय दाखवितो तो वर्गांक. त्या विषयातील नेमके पुस्तक वेगळे काढतो तो ग्रंथांक. दोन्ही मिळून होतो बोधांक. हा सांगितला की ग्रंथपाल पुस्तक काढून देतो. दाखल क्रमांक वेगळा. पुस्तक ग्रंथालयात कितवे आले एवढेच तो सांगतो, आणि एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींचे दाखल क्रमांक दोन असतात. या शास्त्राला भारतात पाया घालून दिला तो शियाळी रामामृत रंगनाथन या गणिताच्या अध्यापकाने. ते १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, शिक्षणासाठी लंडनला गेले, आणि तेथे एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या आणि तेच खिळे, पण जोडणी बदलली की वस्तू नवी. विषयाचेही असेच सुटे भाग करून जोडावेत, ही कल्पना त्यांच्या १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात आली. बिदरची विणलेली घोंगडी वा बिद्रीकाम, त्यातील धातू, त्यावरील क्रिया, स्थळ आणि काळ, अशी एखाद्या विषयाची फोड करून पाहण्याची सवय शोधणाऱ्यालाही उपयोगी पडते.

चुकीच्या नावाने ग्रंथ कसा दडून राहतो, याचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण गोव्याकडचे आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. सतराव्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, पण त्या छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. विल्यम मार्सडेन याने जमविलेली हस्तलिखिते १८३५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजला आणि पुढे तेथील पौर्वात्य विद्यालयाला मिळाली. त्यांत देवनागरीतील दोन खंड होते. नावे ‘आदिपुराण’ आणि ‘देवपुराण’. नाव वाचून कोणाला शंका यावी? पुराणांच्या रांगेत आणखी दोन पुराणे! विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन अॅबट यांनी ती उघडून वाचली, तेव्हा ते क्रिस्तपुराणच निघाले.

पुस्तकांहून कागदपत्रांची रीत निराळी. ग्रंथालयात विषय पाहावा, दफ्तरात कचेरी पाहावी. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. ते ज्या कचेरीत निर्माण झाले त्या क्रमाने राहतात. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून पंचेचाळीस खंड निवडून छापले, तेवढा भाग सर्वांच्या आवाक्यात आला. बिदर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि नंतर राज्यात होते. तेव्हा दुबलगुंडीच्या जमिनीचा जुना इतिहास गावाच्या नावाने नव्हे, तर निजामी महसूल खात्याच्या फारसी-उर्दू दफ्तरात तालुक्याच्या वाटेने शोधावयाचा असतो.

आता तालिका संगणकावर आली आहे आणि घरबसल्या पाहता येते. शोधशब्द लिहिला की यंत्र नोंदीतील अक्षरे जुळवून पाहते. ग्रंथाविषयीच्या त्या नोंदीला मेटाडेटा म्हणतात. जुन्या तालिकापत्राचेच ते नवे रूप. पुष्कळ जुनी मराठी पुस्तके छायाचित्रे काढून तेथे ठेवलेली आहेत, पण शीर्षक कोठे रोमन लिपीत, कोठे एखादे अक्षर गाळून, कोठे लेखकाच्या जागी संपादक. पानाचे छायाचित्र आहे, पण त्यातील अक्षरे यंत्राने ओळखलेली नसतील, तर आतला शब्द शोधून सापडत नाही. दुबलगुंडीच्या विद्यार्थ्याने म्हणून आधी एक कागद घ्यावा आणि त्यावर बिदर, बीदर, बेदर, मुहम्मदाबाद; गुलबर्गा, कलबुर्गी, अहसनाबाद; कल्याण, कल्याणी, बसवकल्याण असे सारे लिहून काढावे, देवनागरीत, कन्नडमध्ये आणि रोमनमध्येही, आणि मग एकेक नाव घालून पाहावे.