घाटाचा घोडा, वरातीचा घोडा

नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या घोडेबाजारात घोडा पारखण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी उंची, मग कान, मग रंग आणि भोवरे, आणि सगळ्यांत शेवटी चाल. गळ्याशी देवमण हा भोवरा असला तर भाव चढतो. डोळ्याखाली आसूढाळ असला तर धडधाकट जनावरही मालकाबरोबर घरी परत जाते. या बाजारात मनात धरलेला आदर्श घोडा मारवाडी किंवा काठियावाडी आहे: उंच, कमानदार मानेचा, आत वळलेल्या कानांची टोके एकमेकांना भिडवणारा आणि रवाल चालीचा. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतही हेच माप लागते. हे माप पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे असे आपण गृहीत धरतो. माझे म्हणणे असे की नाशिकच्या मातीपुरते तरी ते उसने आहे. ते दरबाराचे, मिरवणुकीचे आणि सपाट वाळवंटाचे माप आहे. या जिल्ह्याच्या इतिहासात ज्या घोड्याने काम केले तो या मापात बसत नाही आणि म्हणूनच आज तो आपल्याला देखणा वाटत नाही.

घोड्याचा आदर्श लिहून ठेवण्याची परंपरा दख्खनला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, घोड्यांचे रंग, लक्षणे आणि घोड्यावरचे खेळ यांना स्वतंत्र जागा आहे. पण हा राजाच्या घोड्याचा विचार आहे. तसला घोडा समुद्रावरून येई. ठाण्याच्या राजाला घोड्यांची इतकी ओढ होती की तो चाच्यांशी संगनमत करून जहाजांवरचे घोडे मिळवी, असे मार्को पोलो सांगतो. पुढे आईन-इ-अकबरीने घोड्यांची उतरंडच लावून दिली. वर अरबी, मग इराणी, मुजन्नस, तुर्की, याबू, आणि तळाला ताजी व जंगला. तळाचे हे दोन्ही वर्ग हिंदुस्थानी पैदाशीचे. स्वाराला मिळणारा पैसा घोड्याच्या वर्गावर ठरे, त्यामुळे ही आवडनिवड केवळ रसिकतेची राहिली नाही, तो सरकारी दर झाला. देशी तट्टू बाळगणारा स्वार हलका, ही समजूत तिथून कागदावर पक्की झाली.

आता हा दर नाशिकच्या डोंगरात तपासून पाहू. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणातून परतत होते. मोगल सरदार दाऊदखान त्यांची वाट अडवायला निघाला आणि सातमाळेच्या रांगेत, कंचन-मंचनच्या खिंडीजवळ गाठ पडली. ही वणी-दिंडोरीची लढाई. लुटीचा माल पुढे काढून द्यायचा, पिछाडीला शत्रू झुंजत ठेवायचा आणि डोंगर उतरून निसटायचे, असा तो प्रसंग. मोगलांची आघाडी इखलासखानाकडे होती. मागचे सैन्य पोचण्याआधीच तो तुटून पडला, घायाळ झाला, आणि दाऊदखान आला तोवर लढाईचा रंग पालटला होता. सपाटीवर एकदिलाने धावणारी अवजड फौज घाटात तुकड्यातुकड्यांनी पोचते, ही गोष्ट सेनापतीच्या चुकीइतकीच जनावरांच्या बांध्याचीही आहे. खडकाळ उतारावर उंच, लांब पायांचा, धान्यावर पोसलेला घोडा बिचकतो. बुटका, आखूड पाठीचा, भक्कम पुठ्ठ्याचा, कठीण खुरांचा घोडा मागचे पाय पोटाखाली घेऊन पायरीपायरीने उतरतो. दोन वर्षांनी, १६७२ मध्ये, याच जिल्ह्यातल्या साल्हेरला मराठा सेनानी मोरोपंत आणि प्रतापराव यांनी किल्ल्याचा वेढा मोडला तो खुल्या मैदानातल्या झुंजीत. म्हणजे हलकी घोडदळे फक्त पळून लढत, हा समज तिथे टिकत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मराठ्यांचे सरदार स्वतः तरी तट्टांवर कुठे खूश होते? साल्हेरला सहा हजार घोडी पाडाव आली, हे बखरकार सभासद अभिमानाने सांगतो. पेशवाईत पागेला अरबी घोड्याचे वेड होते. मग बुटका घोडा हा आदर्श कसला, ती तर नाइलाजाची सोय! बखरीतला आकडा ताणलेला धरला तरी मुद्दा उरतोच. याला माझे उत्तर असे की सरदाराला काय आवडे आणि फौज कशावर चाले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाडाव आलेला तुर्की किंवा अरबी घोडा इथे टिकायचा तर त्याला हरभरा हवा, सावली हवी, चाकरी हवी. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, पण शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या घरचा, आणि शिलेदाराच्या घरी होता कडबा, माळावरचे गवत आणि जमले तर भिजवलेला हुलगा. मोठ्या घोड्याचे रक्त भीमा-नीरेच्या खोऱ्यात आले, तिथल्या घोड्यांत मिसळले, आणि पुढची निवड दुष्काळाने केली. या खोऱ्यातल्या घोड्यांचे नाव इंग्रज इतिहासकारांपर्यंत पोचले ते त्यांच्या काटकपणामुळे. भीमथडी या नावाने जे जनावर ओळखले जाते ते अशा मिश्रणातून उरलेले आहे. खांद्याशी बहुधा साडेचार फुटांच्या आतच, कान ताठ, मान भारदस्त पण मिरवण्याजोगी नाही. सोय म्हणावी तर म्हणा, पण अशा सोयींतूनच बहुतेक जाती घडल्या आहेत. मारवाडीची लांब चालही वाळूतल्या सोयीचीच.

चालीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण बाजारात ती शेवटी पाहतात आणि प्रवासात पहिली तीच कळते. दुडकीत घोड्याचे तिरके पाय एकदम पडतात, त्यामुळे स्वार उसळतो. रवालीत चारही पाय वेगवेगळे, एका बाजूचे मागोमाग, असे पडतात. कोणता तरी पाय नेहमी जमिनीवर असतो म्हणून पाठ हलत नाही. मारवाडी घोड्याची रवाल डोळ्यांना सुखावते, यात वादच नाही. पण तिचा खरा उपयोग दिवसभर न थकता बसण्याचा होता, वरातीत ढोलावर पाय नाचवण्याचा नव्हता. दख्खनच्या घोड्याकडून अपेक्षित होती ती अशी न दमवणारी चाल, चढावर न तुटणारा श्वास आणि रात्री चाऱ्यावर सावरण्याची ताकद. (येवले हे तात्या टोप्यांचे जन्मगाव, १८५८-५९ मध्ये राजपुताना ते नर्मदेपार झालेल्या त्यांच्या पाठलागाच्या काळात घोड्याची पारख कानांवरून कोणी केली असेल असे वाटत नाही.)

मग हा आदर्श मागे का पडला? इंग्रजी लष्कराला उंच घोडा हवा होता. तो ऑस्ट्रेलियातून, वेलर या नावाने, जहाजांनी येऊ लागला, आणि मुंबई अरबी घोड्यांची मोठी पेठ झाली. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी धावली आणि घाटातल्या ओझ्याच्या तट्टांचे काम आटले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिक शहर आणि नाशिक रोड स्टेशन यांच्यामध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिला आणि टांग्यांना सपाट रस्त्यावर ओढणारे जनावर पुरे होते. टांगाही गेल्यावर घोड्याला उरले लग्न, मिरवणूक आणि हौस. मागणी बदलली की लक्षणे बदलतात. त्यामुळे येवल्याच्या ग्राहकाला दोष देण्यात अर्थ नाही, तो त्याच्या कामाचा घोडा शोधतो. हरकत एवढीच की या मापाला तो शास्त्र समजतो.

२०२३ मध्ये भीमथडीला देशातली आठवी नोंदणीकृत घोडा-जात म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी राजा बढे यांचे गीत राज्यगीत झाले आणि त्यातले भीमथडीचे तट्टू सरकारी समारंभांत गाजू लागले. नोंदणीवर शंका घेणारे म्हणतात की जी जात मुळात मिश्रणातून घडली तिला ठरावीक लक्षणांत बांधले तर तीही एक दाखवायची वस्तू होईल. शंका रास्त आहे. उंचीचे, रंगाचे, कानांचे आकडे भरणे सोपे असते, तग मोजणे अवघड. पण नोंद नसती तर ही जनावरे सरसकट ‘गावठी’ या शब्दाखाली गेली असती आणि वळूंची निवड ज्याला जसे वाटेल तशी होत राहिली असती. शिवाय या घोड्यांना आजही टिकवून ठेवणारे मुख्यतः मेंढपाळ धनगर आहेत. मेंढरांमागे रानोमाळ फिरताना बिऱ्हाड, कोकरे आणि भांडीकुंडी घोड्याच्या पाठीवर असतात, आणि तिथे न पेलणारे जनावर पुढच्या हंगामात कळपात राहत नाही. जातीच्या लक्षणांचा तक्ता पुढे कधी सुधारायचा झाला तर मोजपट्टीच्या आधी या मुक्कामांचे अंतर, वाटेतला चढ आणि पाठीवरचे वजन त्यात नोंदवले जायला हवे.